कापराचे माहेर

मे महिन्यात नागावच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी गाडीतून उतरतात, सुरूच्या बनात शिरतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "व्वा, पाइनचा काय मस्त वास येतोय!" यावर मी हल्ली काही बोलत नाही. पूर्वी बोलायचो. सुरूची एक हिरवी काडी तोडून हातात द्यायचो आणि म्हणायचो, चुरगळा आणि हुंगा. ओल्या गवताचा असतो तसला हिरवट वास, फार तर वाऱ्याबरोबर आलेला थोडा खारेपणा. पाइन नाही. मग ती काडी दोन चिमटींत धरून ओढायला सांगायचो. टिच् आवाज होऊन ती सांध्यावर सुटते आणि डोळे ताणून पाहिले तर सांध्याभोवती सात-आठ बारीक दाते दिसतात. तीच सुरूची पाने. ज्यांना आपण पाने समजतो त्या फांद्या आहेत. लहानपणी आम्ही सुटलेले दोन तुकडे पुन्हा एकमेकांत बसवायचो आणि "कुठं तुटलंय सांग" असा खेळ खेळायचो. ओळखणारा बहुतेक वेळा हरायचा.

सुरू दिसतो पाइनसारखा, त्याचे फळही शंकूसारखे, अनवाणी पायाला टोचणारे. पण तो सूचिपर्णी नाही. फुले येणाऱ्या झाडांपैकी आहे, गोतावळा सांगायचा तर ओक आणि अक्रोडाचा. नावही त्याचे स्वतःचे नाही. फारसीत 'सर्व' म्हणजे मोगल बागांत दिसणारा उंच, निमुळता सायप्रस. तो खराखुरा सूचिपर्णी. त्याचे 'सरू', 'सुरू' झाले आणि पुढे ऑस्ट्रेलिया-मलायाकडचे हे झाड आपल्या किनाऱ्यांवर आले तेव्हा सरळसोट खोड बघून लोकांनी तेच नाव त्याला देऊन टाकले. १८६० च्या दशकात कारवारच्या बाजूला त्याची लागवड सुरू झाली, हेतू मुख्यतः जळणाचा. वाळू अडवणे, वारा अडवणे ही कामे त्याला पुढे लागली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढले तेव्हा वारा अडवता अडवता बनेच्या बने आडवी झाली. काशीदपासून दिवेआगरपर्यंत मुळांसकट उलथलेले सुरू पडले होते.

तर रायगडच्या किनाऱ्यावर पाइन नाही. पण रायगडात पाइन आहे, आणि तो रोज संध्याकाळी पेटतो. फक्त तो शोधायचा झाडांत नाही. देवघरात, निरांजनाशेजारच्या पितळी डबीत.

खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्यावर कुंभिवली नावाचे गाव आहे. तिथे मंगलम ऑरगॅनिक्सचा कारखाना आहे आणि त्यात कापूर तयार होतो. कापराच्या झाडापासून नव्हे, टर्पेंटाइनपासून. पाइनच्या खोडाला खाच पाडली की चीक गळतो. तो चीक भट्टीवर चढवला की उडणारे तेल म्हणजे टर्पेंटाइन आणि खाली राहणारी पिवळट काच म्हणजे रोझिन, सारंगीवाले ज्याला बेरजा म्हणतात त्याचे भावंड. टर्पेंटाइनमधला मुख्य घटक अल्फा-पायनीन. पाइनच्या पाल्याला जो वास येतो, त्यातही मोठा वाटा याचाच.

या पायनीनचा कापूर करणे म्हणजे एकाच भिंतीच्या विटा काढून दुसऱ्या तऱ्हेने रचणे. पायनीनच्या रेणूत दहा कार्बन, कापराच्या रेणूतही दहाच. आधी आम्लधर्मी उत्प्रेरकावर तापवून पायनीनचे कॅम्फीन करतात. कॅम्फीनला असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, जोडतात. मग कॉस्टिकने ते तोडले की आयसोबोर्निऑल मिळते, आणि शेवटी तांब्याच्या उत्प्रेरकावर त्यातले दोन हायड्रोजन काढून घेतले की पांढरा, दाणेदार, नाकात शिरणारा कापूर. वाटेत जी इतर तेले निघतात, त्यांच्यापासून पाइन ऑइल होते. म्हणजे संडास धुताना फिनेलला जो वास येतो आणि आरतीच्या ताटात जो वास येतो, ते दोन्ही एकाच घराण्यातले. हे मी आईला सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला शब्द नाहीत.

यात एक गंमत अशी की रंगाऱ्याच्या डब्यातल्या टर्पेंटाइनने मात्र पाइन सोडला आहे. रंग पातळ करायला आज जे सर्रास विकले जाते ते पेट्रोलियमचे. पाइनचे टर्पेंटाइन रंगाच्या दुकानातून उठले आणि पूजेच्या दुकानात जाऊन बसले.

आता कोणीही विचारील, हिमालयात चीडाची एवढी जंगले असताना हा पाइन आपलाच असेल की. नाही. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत जॉन सायमनसन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. भारतीय सायन्स काँग्रेस सुरू करणाऱ्या दोघांपैकी हे एक. त्यांनी १९२० मध्ये चीडाच्या टर्पेंटाइनची फोड केली, तेव्हा त्यात एक नवेच द्रव्य सापडले. त्याला कॅरीन नाव मिळाले. आपल्या चीडाच्या तेलात या कॅरीनचाच भरणा फार, पायनीन कमी. कापरासाठी पायनीन हवे. त्यामुळे भारतातला कापूर बराचसा परदेशी पाइनच्या चिकावर चालतो. कुंभिवलीच्या हाताशी न्हावा-शेवाचे बंदर आहे, १९८९ पासून सुरू असलेले. परमुलखातली सुगंधी झाडे जहाजातून या किनाऱ्याला लागायची, हे मात्र काही १९८९ पासूनचे नाही. त्याच्याकडे येतोच.

"म्हणजे आपला कापूर खोटा?" हा आईचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न किमान चारशे वर्षांचा आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात कापराचे दोन प्रकार सांगितले आहेत. पक्व आणि अपक्व. अपक्व म्हणजे झाडात आयता खडा होऊन बसलेला, आगीवर न चढवलेला. पक्व म्हणजे लाकूड शिजवून, वाफेने उडवून काढलेला. भावमिश्रांच्या मते अपक्व श्रेष्ठ. त्यांच्या हिशेबात चिनी कापूरही येतो. म्हणजे तेव्हाच बाजारात दोन माहेरचे दोन कापूर होते आणि एकाला दुसऱ्यापेक्षा खरा मानत होते. पाइनचा हा तिसरा. तिसऱ्याला खोटे म्हणायचे तर दुसऱ्यालाही सोडता येत नाही.

पाइनकडे कापूर गेला तो भक्तीपायी नाही, बिलियर्डच्या चेंडूंपायी म्हटले तरी चालेल. हस्तिदंताला पर्याय शोधताना अमेरिकेतल्या हायट बंधूंनी १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून एक मऊ, हवा तसा वळणारा पदार्थ बनवला. सेल्युलॉइड. कंगवे, कॉलर, बाहुल्या, आणि मग फिल्म. कापूर नसेल तर नायट्रोसेल्युलोज ठिसूळ. कापराने ते लवचिक होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा प्रोजेक्टरवर फिरणारी रिळे याच जातीची होती. फिल्म जुनी होते तसा तिच्यातला कापूर उडून जातो, ती आकसते, ठिसूळ होते. आणि पेटली तर विझवणे मुश्कील. २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात आग लागून मूकपटांच्या जमान्यापासूनची नायट्रेट रिळे गेली. कापूर जळाला की मागे काही उरत नाही हे देवासमोर उभे राहून म्हणायला छान वाटते. इथे मागे काही उरले नाही म्हणजे चित्रपटच उरले नाहीत.

सेल्युलॉइडची ही भूक भागवणारा कापूर एका बेटावर होता, फॉर्मोसा म्हणजे आजच्या तैवानवर. तिथे कापराचे प्रचंड वृक्ष, दालचिनीचे चुलतभाऊ. १८९५ मध्ये बेट जपानच्या ताब्यात आले आणि १८९९ मध्ये जपानने कापराचा सरकारी मक्ता जाहीर केला. भाव कोण ठरवणार, माल कोणाला मिळणार, सगळे एका हातात. युरोपच्या रसायनशास्त्रज्ञांना हे सहन होण्याजोगे नव्हते. ज्युलियस ब्रेट या जर्मनाने कापराच्या रेणूची रचना १८९३ मध्येच नेमकी मांडली होती. ती कळल्यावर तो बनवायचा कसा हा प्रश्न उरला. फिनलंडमध्ये गुस्ताव कोंप्पा यांनी तो अगदी पायापासून बांधून दाखवला आणि १९०७ मध्ये त्याचा कारखानाही काढला. पण धंद्यात टिकला तो टर्पेंटाइनचा मार्ग, कारण पाइन स्वस्त होता आणि पायनीनमध्ये निम्मे बांधकाम आयते झालेले होते. बर्लिनच्या शेरिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असा कापूर बाजारात आणला. जपानी मक्त्याचा कणा मोडला तो इथे. कुंभिवलीची भट्टी या वंशातली.

(१८९३ चे साल कापराच्या कुंडलीत मजेशीर आहे. ब्रेट यांनी रेणू मांडला तो त्या वर्षी, टिळकांनी गणपती मांडवात आणला तो त्याच सुमारास, आणि काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन काढले तेही १८९३ मध्येच. बामात कापूर, मांडवात कापूर. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण तारखा जुळल्या की मागोवा घेणाऱ्याला गुदगुल्या होतात.)

कृत्रिम कापूर यायच्या आधी कोकणातल्या घरांत जळत होता तो चीन-जपानकडचा, मुंबईत शुद्ध केलेला. या मुंबईच्या कापूरभट्ट्यांचे एक वर्णन विल्यम डायमॉक यांनी १८९० च्या दशकात छापलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात आहे, आणि ते इतके बारीक आहे की भट्टी डोळ्यांसमोर उभी राहते. कलई केलेले तांब्याचे पिंप, एका बाजूचे झाकण निघणारे. त्यात चौदा भाग कच्चा कापूर आणि अडीच भाग पाणी. झाकण मातीने लिंपायचे. पिंप मातीच्या छोट्या भट्टीवर ठेवून तो सांधाही लिंपायचा. अशा चार भट्ट्या एकमेकींना चिकटून, त्यांच्या माथ्यांचा मिळून एक चौकोनी ओटा. आच लावली की कापूर उडायला लागतो. वरून पिंपावर सतत गार पाणी सोडायचे. तीनेक तासांत काम होते. झाकण उघडले की पिंपाच्या आतल्या अंगाला कापराचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. तो सोडवून लगेच गार पाण्यात टाकायचा.

या वर्णनातले ते अडीच भाग पाणी मला फार आवडतात. पाणी आत जाते आणि कापराबरोबर तोललेही जाते. म्हणूनच हा माल साठवून ठेवत नसत. गिऱ्हाईक आले की भट्टी लावायची, कारण ठेवला तर पाणी सुटून वजन घटायचे. कापूर उडून गेला अशी तक्रार करणाऱ्या कितीजणांचे खरे तर पाणीच उडाले असेल.

त्याही मागे जायचे तर रेवदंड्याला जावे लागते. अलिबागहून नागाव ओलांडून पुढे गेले की कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आहे आणि त्याच्या आत-बाहेर, माडांच्या वाड्यांतून पसरलेले चौल. आज तिथून एसटीने जाणाऱ्याला हे एकेकाळी जगाचे बंदर होते यावर विश्वास बसत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकांना ते 'सेमिल्ला' म्हणून माहीत होते. अरब त्याला 'सैमूर' म्हणत. इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल् मसूदी इथे आला तेव्हा शिलाहारांच्या झंझाचा अंमल होता आणि गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले. याच मसूदीने कापराबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली आहे. फन्सूरचा कापूर ज्या वर्षी वादळे आणि भूकंप फार होतात त्या वर्षी भरपूर निघतो. निसर्ग वादळानंतर आडव्या झालेल्या सुरूंमधून चालताना मला हे वाक्य आठवले होते. इथे वादळाने जळण तेवढे दिले.

फन्सूर म्हणजे सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बारूस. मलय भाषेत आजही उत्तम कापराला 'कापूर बारूस' म्हणतात. आपला 'कापूर', संस्कृतातला 'कर्पूर', अरबांचा 'काफूर', पोर्तुगिजांचा 'कॅम्फोरा' हे सगळे त्याच दर्याचे पाणी प्यायलेले शब्द. आणि बारूस हे गावाचे नावही आपल्याकडे टिकून आहे. जैन देरासरात पूजेला 'बरास' लागते, ती हीच. गावाचे नाव वस्तूला चिकटले आणि गाव विस्मरणात गेले.

बारूसचा कापूर ज्या झाडाचा, ते दालचिनीच्या कुळातले नाही आणि पाइनच्या तर मुळीच नाही. सालवृक्षाच्या कुळातले, शंभर-दीडशे फूट सरळ चढणारे. त्याच्या खोडात भेग पडली तर आत तेल झिरपून खडे धरतात. सगळ्याच झाडांत नाही. बाहेरून कळत नाही. झाड पाडायचे, चिरायचे आणि बघायचे. कैक झाडे फुकट जायची. त्यामुळे शोधणाऱ्यांच्या चालीरीती कडक होत्या. जोहोरच्या रानातले जाकुन लोक कापूर शोधायला निघाले की रोजची भाषा सोडून एक वेगळीच बोली बोलत. 'कापूर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, नाहीतर झाड आपला कापूर लपवते. साप दिसला की रात्री आपली आजी 'जनावर' म्हणायची, त्यातलाच प्रकार.

वसई आणि दिव पोर्तुगिजांकडे असताना गोव्यात वैद्यकी करणारा गार्सिया द ओर्ता १५६३ च्या त्याच्या ग्रंथात कापरावर एक सबंध संवाद खर्च करतो. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते, तोच हा. त्यालाही दोन कापूर माहीत आहेत. एक बोर्निओकडचा दाणेदार, भयंकर महाग. दुसरा चीनचा, वड्या करून येणारा, स्वस्त. आणि दोहोंची भेसळ करणारे व्यापारीही त्याला माहीत आहेत. साडेचारशे वर्षांनी माझ्या आईने विचारला तो प्रश्न तेव्हाच्या गिऱ्हाइकानेही विचारला असेल.

गंमत म्हणजे रसायनशास्त्राने या वादाचा निकाल लावला तेव्हा तो भलतीकडेच लागला. बारूसच्या खड्यांत कापूर नाहीच. त्यात आहे बोर्निऑल, कापराचा सख्खा भाऊ, दोन हायड्रोजन जास्त असलेला. म्हणून तो जड, पाण्यात बुडणारा आणि सावकाश उडणारा. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अस्सल, भीमसेनी म्हणून मान दिला तो रसायनाच्या हिशेबात कापूर नव्हे. आणि चिनी, दुय्यम, पक्व म्हणून ज्याला खालच्या पाटावर बसवले, तो खरा कापूर. आज दुकानात 'भीमसेनी' म्हणून जे ओबडधोबड खडे मिळतात, ते बहुतेक वेळा वड्या न पाडलेला, मेण न मिसळलेला साधा कापूरच असतात. बारूसशी त्यांचा संबंध नावापुरता.

मग झाडाचा कापूर आणि कुंभिवलीचा कापूर यांत फरक काहीच नाही का? एक आहे, आणि तो नाकाला नाही, उजेडाला कळतो. कापराचा रेणू दोन घाटांत घडतो, एक उजवा, एक डावा, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावे तसे. फॉर्मोसाच्या वृक्षाचा कापूर उजवा. त्याच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. कारखान्याच्या कापरात सहसा डावे-उजवे निम्मे निम्मे, त्यामुळे उजेड सरळ निघून जातो. आणि निव्वळ डावा कापूर? तो मिळतो सूचिपर्णी झाडाच्या पाल्यातून. सायबेरियात फरची टहाळी वाफेवर गाळून जे तेल काढतात, त्यात बोर्नाइल असिटेट भरपूर असते. कुंभिवलीत कॅम्फीनला असेटिक आम्ल जोडून जे बनवावे लागते, त्याचे जुळे भावंड सायबेरियाच्या पानात आयते तयार. सोव्हिएत काळात रशियाने आपला औषधी कापूर याच पाल्यापासून काढला.

त्या फरचा हिमालयातला भाऊबंद आपल्या ओळखीचा आहे. पेण-अलिबागच्या कोणत्याही जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन तालीसपत्र मागा. पुडीत चपट्या, तपकिरी, सुईसारख्या पानांचा चुरा मिळेल. हीच हिमालयातल्या फरची पाने, तालीसादि चूर्णातली. बोटांत चोळली तर मंद, धुरकट, पाइनसारखा वास अजून शिल्लक असतो. नागावच्या बनात पाहुणे जो वास शोधतात तो इथे, दहा रुपयांच्या पुडीत.

आता मुद्द्याचा प्रश्न. हा वास शरीराला करतो काय? झाडाच्या बाजूने उत्तर सोपे आहे. पायनीन, कॅम्फीन, कापूर ही झाडाची हत्यारे. किडा कुरतडायला आला, बुरशी शिरायला लागली की ही तेले अंगावर येतात. प्रयोगशाळेच्या बशीत सूचिपर्णी पाल्याची तेले जिवाणूंची वाढ रोखतात ती याच गुणाने. बशीत जे होते ते छातीत होईलच असे नाही, हे मात्र बाटलीवर कोणी लिहीत नाही.

माणसाच्या नाकाची गोष्ट जास्त चमत्कारिक. व्हिक्सच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचा. कापूर आहे, आणि टर्पेंटाइनचे तेलही आहे. पाइनची मुलगी आणि आई एकाच डबीत. छातीला चोळले की नाक मोकळे होते असे वाटते. कार्डिफमध्ये रॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे मोजून पाहिले. कापूर, निलगिरी, मेन्थॉल यांची वाफ दिली, नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. पण लोक म्हणत होते की नाक मोकळे झाले. नाक उघडत नाही. उघडल्यासारखे वाटते. सर्दीच्या रात्री तेवढ्यानेही डोळा लागतो हे मी नाकारणार नाही.

त्वचेचेही तसेच. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीची झोंब ज्या दारातून शरीरात शिरते ते दार शोधून काढले. त्यासाठी आणि स्पर्शाच्या संशोधनासाठी २०२१ चे नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळाले. कापूर त्याच मिरचीच्या दाराची कडी वाजवतो. इतकी वाजवतो की थोड्या वेळाने दार ऐकेनासे होते. आजी खोबरेल तेलात कापूर घालून खाजेवर चोळायची, आधी चुरचुर, मग गारवा, मग खाज नाही. ती चुरचुर आणि तो बधिरपणा एकाच दाराचा. इथे आजीचे औषध आणि प्रयोगशाळा एकमेकींना धरून आहेत.

पण कापूर देवघरातला म्हणून सोवळा समजू नये. पोटात गेला की तो थेट मेंदूवर जातो आणि झटके आणतो. इतक्या खात्रीने आणतो की १९३४ मध्ये बुडापेस्टच्या लास्लो मेडुना यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी तेलातल्या कापराचे इंजेक्शन वापरले. विजेच्या झटक्यांची उपचारपद्धती आली ती त्यानंतर. लहान मुलांना तर फार थोडा कापूर पुरतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लावायच्या औषधांत कापूर अकरा टक्क्यांहून जास्त नको असा नियम झाला, तो अशाच अपघातांपायी. आणि आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधतात. रांगते मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. करोनाच्या लाटेत तर मोठी माणसेही कापूर-लवंग-ओव्याची पोटली नाकाला लावून हिंडत होती, ऑक्सिजन वाढतो म्हणून. वाढत नाही. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते कार्डिफने सांगितलेच आहे. बाळाच्या गळ्यातली पुरचुंडी मात्र मी दिसेल तिथे सोडायला सांगतो. वाईटपणा येतो, येऊ दे.

आमच्या घरी कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवायची पद्धत आहे, कापूर उडू नये म्हणून. कोणी लवंगा टाकतात. गेल्या वर्षी गणपती आटोपल्यावर आई मुंबईला बहिणीकडे गेली ती दिवाळीनंतर परतली. मधल्या काळात देवघराकडे माझे दुर्लक्ष झाले हे कबूल. परत आल्यावर तिने डबी उघडली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. डबीचे झाकण नीट बसले नव्हते. वड्या गेल्या होत्या. तळाशी सात मिरे होते. एक उचलून मी नाकाशी नेला. कापराचा वास येत होता.